चव बोथट, डोकं जड: यात वजनाचा हात किती?

मागच्या वेळी पोटावरच्या चरबीबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले काही इथे घेतोय.

वय ४६, चार वर्षांत १४ किलो वाढलोय. हल्ली आमटीत मीठ कमी लागतं, चहा फिका लागतो, बायको म्हणते सगळं नेहमीसारखंच आहे. वजनाने चव जाते का?

पूर्ण जात नाही, पण बोथट होऊ शकते. २०१८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, मला तो फार आवडतो. उंदरांना ८ आठवडे भरपूर फॅटचं खाणं दिलं, ते जाड झाले आणि त्यांच्या जिभेवरचे टेस्ट बड्स (चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके) जवळपास २५ टक्क्यांनी कमी झाले. आता तुम्ही म्हणाल तेलकट खाऊनच जीभ बिघडली असेल, पण काही उंदीर मुळातच लठ्ठ न होणारे होते, त्यांनीही तेच खाल्लं आणि त्यांचे टेस्ट बड्स शाबूत राहिले. शिवाय ज्या उंदरांच्या अंगात टीएनएफ अल्फा नावाचं सूज वाढवणारं रसायन बनतच नव्हतं, त्यांचेही शाबूत राहिले. म्हणजे बोट सुजेकडे जातं (डोळ्यांना न दिसणारी, अंगातली सूज, तिच्याबद्दल पुढे येतंय). टेस्ट बडमधल्या पेशी साधारण १० दिवसांत बदलत असतात, जुन्या जातात नव्या येतात, आणि सूज असली की जाणाऱ्या वाढतात, येणाऱ्या कमी होतात.

माणसांमधले अभ्यास मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, काहींत लठ्ठ लोकांना चव कमी लागते, काहींत फरकच सापडत नाही. त्यामुळे तुम्ही सगळं वजनावर ढकलू नका. शुगर तपासा, बीपीची किंवा इतर कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तंबाखू असेल तर ती आधी सोडा. आणि मीठ वाढवून घेऊ नका हो, प्लीज.

वासाचं पण असंच होतं का?

उंदरांत होतं. फ्लोरिडात २०१४ साली फॅटच्या खाण्यावर अनेक महिने ठेवलेल्या उंदरांच्या नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या, आणि नंतर साधं खाणं देऊन वजन उतरवलं तरी त्या भरून आल्या नाहीत. तुमचा वास अचानक गेला असेल तर आधी कान-नाक-घसावाल्यांकडे जा.

रिपोर्टमध्ये एचएस-सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ४.२ आलंय, डॉक्टर म्हणाले अंगात सूज आहे. मला तर कुठेच सुजलेलं दिसत नाही!

दिसणार नाही. ठेच लागल्यावर अंगठा सुजतो, लाल होतो, चार दिवसांत उतरतो, ती सूज वेगळी. चरबीच्या पेशी फुगत गेल्या की तिथे मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि मंद आचेवर ठेवल्यासारखी सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते. चरबीतून टीएनएफ अल्फा बाहेर पडतं हे १९९३ साली कळलं, तोवर चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार असंच धरून चाललेले. तुमच्या रिपोर्टमधलं एचएस-सीआरपी १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर जास्त, १० च्या वर गेलं तर बहुतेक वेळा इन्फेक्शन वगैरे असतं. सर्दी-ताप, दातदुखी नसताना दोन आठवड्यांनी परत करा.

पोट भरलं तरी खावंसं वाटतं, डोकं जड राहतं, नावं आठवत नाहीत. हे पण वजनामुळे?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुकेचं पहिलं. चरबीतून लेप्टिन नावाचं हॉर्मोन येतं (१९९४ साली सापडलं), ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सांगतं की बास, साठा भरपूर आहे. लठ्ठपणात लेप्टिन उलट जास्त असतं पण मेंदू ऐकत नाही, आणि त्यामागचं एक कारण तिथलीच सूज असावी. २०१२ च्या एका अभ्यासात उंदरांना फॅटचं खाणं सुरू केल्यावर १ ते ३ दिवसांतच, वजन फारसं वाढायच्या आधीच, ही सूज दिसली. त्यामुळे "जिभेवर ताबा नाही" असं कुणी ऐकवलं तर मला मनापासून राग येतो, सांगणाऱ्याला आत काय चाललंय याची कल्पनाच नसते.

विसरण्याचं म्हणाल तर आधी थायरॉइड, बी १२ आणि शुगर बघा, आणि रात्री घोरता का, मध्येच श्वास अडकतो का ते घरच्यांना विचारा, कारण स्लीप अॅप्नियामुळे दिवसभर डोकं असंच राहतं आणि त्यावर उपचार आहेत. मध्यम वयातला लठ्ठपणा डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्यासारख्या कारणांत धरतात, म्हणून आत्ताच लक्ष घाला.

माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.५, फक्त पोट आहे. मला हे लागू नाही ना?

लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनची ९.१! २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटोच छापला होता. आपल्याकडे अंगकाठी बारीक आणि चरबी आतमध्ये, असे खूप असतात. टेप घेऊन घेर मोजा, पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० च्या वर नको.

मुलगा १३ वर्षांचा, वजन जास्त, गोड कमी करायला गेलं की जेवतच नाही. काय करू?

एकदम बंद करू नका. मिठाच्या बाबतीत पाहिलंय की कमी मिठाचं दोन-तीन महिने खाल्लं की तेवढंच बरं लागायला लागतं. तोच धीर गोडाबाबत धरा. दुधातली साखर दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, आणि सगळ्या घराचीच करा, त्याच्या एकट्याच्या कपात नको.