फोन उचलला की नेट गेलंच म्हणून समजा

प्रश्न : नमस्कार, आमच्याकडे जुना लँडलाईन आहे आणि त्याच वायरवर ब्रॉडबँड घेतलंय. गेले काही महिने असं होतंय की फोन वाजला किंवा कोणी उचलला की मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो आणि नेट बंद. फोन ठेवला की दोन-तीन मिनिटांनी परत येतं. मुलगी घरून काम करते, तिची मीटिंग चालू असताना नेमका तिच्या आजीला मावशीचा फोन येतो (आजीचा फोन आतल्या खोलीत, पॅरलल लाईनवर) आणि मग घरात जे काय होतं ते सांगत नाही. फोनवर थोडी खरखर पण येते. लाईनमन येऊन गेले, रिसिव्हर कानाला लावला, म्हणाले डायलटोन आहे, लाईन ओके आहे, तुमचा मोडेम गेलाय. दुकानदार म्हणतो नवीन राऊटर घ्या. घेऊ का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका घेऊ. निदान आत्ता तरी नका घेऊ, पैसे जातील आणि आजींचा फोन आला की नवीन राऊटर पण तस्साच बसेल. डायलटोन आहे म्हणजे लाईन ओके, हे फक्त बोलण्यापुरतं खरं आहे. बोलायला अगदी भिकार लाईनसुद्धा चालते, डीएसएलला, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडला, नाही चालत.

आता होतं काय ते आधी बघू म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तांब्याच्या दोन तारांच्या एकाच जोडीवर दोन कामं चालतात. आपला आवाज खाली, साधारण 4 किलोहर्ट्झच्या आत. ब्रॉडबँड त्याच्या खूप वर, 25 किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होऊन 1100 पर्यंत, आणि त्याचा जास्त वेगाचा प्रकार, एडीएसएल टू प्लस, असेल तर 2200 पर्यंत. मध्ये मोकळी जागा आहे म्हणून दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, पण टेलिफोनच्या डबड्याला हे माहीत नसतं. फोन ठेवलेला असतो तेव्हा लाईनवर 48 व्होल्ट नुसते उभे असतात, करंट जवळजवळ नाही, म्हणजे फोन असून नसल्यासारखा. रिसिव्हर उचलला की सर्किट पुरं होतं, वीस-तीस मिलीअँपिअर करंट वाहायला लागतो, आणि आता तो फोन वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नलपण खाऊन टाकतो आणि वर स्वतःचा कचरा लाईनवर सोडतो. तसं होऊ नये म्हणूनच तो छोटा पांढरा डबा देतात, स्प्लिटर. तो काही हुशार वगैरे नसतो, फोनकडे फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारी गाळणी आहे ती, बस.

त्यामुळे माझा पहिला संशय आजींच्या फोनवर, म्हणजे आजींवर नाही हो, त्या पॅरललवर! आपल्याकडे बहुतेक घरांत असं झालंय की लँडलाईन आला तेव्हा हॉलमधल्या रोझेटवरून (भिंतीवरची फोनची डबी) कोणीतरी इलेक्ट्रिशियनने वायर पिळून आतल्या खोलीत एक्स्टेंशन काढून दिलं. मग पुढे कधीतरी ब्रॉडबँड आलं, माणूस आला, मोडेमपाशी एक स्प्लिटर लावून गेला, आणि आतल्या खोलीतली वायर स्प्लिटरच्या आधीच फुटलेली आहे हे कोणी बघितलंच नाही. मग तो आतला फोन गाळणीशिवाय थेट लाईनवर. तुमच्या पत्रात हे नाही की हॉलमधला फोन उचलला तरी नेट जातं का फक्त आतला, पण हे एकदा नीट बघाच, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

बघायचं असं. घरातले सगळे फोन काढा, कॉलर आयडीचा डबा, जुनं फॅक्स मशीन, माळ्यावर कुठे अडकवून ठेवलेला बंद फोन, सगळं, कारण बंद फोनसुद्धा लाईनला चिकटलेला असेल तर त्रास देतो. स्प्लिटर पण काढा. बाहेरून येणारी वायर जिथे घरात शिरते तिथल्या रोझेटला मोडेम सरळ लावा, पुढची आतली वायर तिथूनच सोडवून ठेवा, आणि तासभर तसंच चालू द्या. मधेमधे मोबाईलवरून लँडलाईनला रिंग द्या. नेट पडत नसेल तर भानगड बहुतेक घरातच आहे. मग स्प्लिटर लावून एक फोन जोडा, बघा. मग दुसरा. ज्याला जोडल्यावर पडलं तो चोर. आणि सगळं काढूनसुद्धा तिथे पडत असेल तर मोडेम एकदा शेजाऱ्यांच्या ब्रॉडबँड चालू असलेल्या लाईनवर लावून बघा, तिथे नीट चालला तर बिघाड बाहेरच्या वायरचा, तो कंपनीने काढायचा, तुमच्या खिशातून नाही. हां, वायर सोडवताना एक सांभाळा, रिंग येते तेव्हा त्या वायरवर साधारण 75 व्होल्टची एसी असते, उघड्या टोकाला बोट लागलं तर चांगला झटका बसतो. तेवढ्या वेळापुरतं मोबाईलवरून रिंग देऊ नका आणि ओल्या हाताने तर मुळीच नको.

स्प्लिटर जोडण्यातली एक चूक इतक्या घरांत असते की वेगळी लिहितो. त्याच्यावर लाईन, फोन आणि मोडेम असं लिहिलेलं असतं, अक्षरं बारीक, पाठीमागे, आणि साफसफाईच्या वेळी पिना निघाल्या की परत कुठेही खुपसल्या जातात. बऱ्याच साध्या स्प्लिटरमध्ये लाईन आणि मोडेम ही दोन भोकं आतून सरळ एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही, पण फोन आणि मोडेमच्या पिना एकमेकांच्या भोकात गेल्या तर फोन मस्त चालतो, मोडेम मात्र गाळणीमागे अडकतो आणि नेट लागतच नाही. स्प्लिटर खराबपण होतो, वीज कडाडल्यावर तर हमखास, बाहेरून काही दिसत नाही. नवीन फार महाग नसतो, राऊटरच्या तर काहीच नाही, तेव्हा आधी तो बदलून बघा आणि आतल्या खोलीतल्या फोनसाठी वेगळा एक लावा. किंवा त्याहून बरं म्हणजे लाईन घरात शिरते तिथेच एक स्प्लिटर लावून सगळे फोन त्याच्या फोनच्या भोकातून फिरवा आणि मोडेमला स्वतंत्र वायर द्या. मला हे जास्त आवडतं, एकदा केलं की डोक्याला ताप नाही.

आता ती खरखर. ती मला जरा वेगळं सांगतेय. गाळणी नसलेल्या फोनवर बारीक सतत सूंऽऽ असा आवाज येतो, तो ब्रॉडबँडचाच आवाज असतो. पण कुरकुर, तडतड, मधेच वाढणारी, पाऊस आला की जास्त, अशी असेल तर कुठेतरी जॉईंट खराब आहे. तुमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा, खांबावरच्या डीपीत (वायरी जोडायच्या डब्यात) नाहीतर ड्रॉप वायरच्या (खांबावरून घरात येणाऱ्या वायरच्या) जोडावर पाणी शिरलं की तांब्यावर हिरवट थर चढतो आणि मग तो जोड धड जोडलेला नाही धड तुटलेला नाही असा राहतो. रिंगचे 75 व्होल्ट त्याच्यातून गेले किंवा उचलल्यावर करंट वाहायला लागला की तिथे सगळं हलतं आणि डीएसएल तुटतं. म्हणून नीट लक्ष ठेवा, नेट नेमकं कधी जातंय. नुसत्या रिंगने जातं आणि उचलल्यावर सावरतं? मग स्प्लिटर नाहीतर जॉईंट. उचलल्यापासून ठेवेपर्यंत गायबच? मग गाळणीशिवायचा फोन. आणि एक उलटी गंमत पण असते, बोलत असताना नेट झकास आणि फोन ठेवला की रडायला लागतं, ते तर जवळजवळ नक्की जॉईंटचं दुखणं, कारण वाहणारा करंट तो थर भेदून तात्पुरती वाट करून देतो.

हे आकड्यात दाखवता आलं तर लाईनमनशी वाद घालावा लागत नाही. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाका (काही मोडेमचा पत्ता वेगळा असतो, पासवर्डसकट खाली स्टिकरवर सापडेल), आत डीएसएल स्टेटसमध्ये एसएनआर मार्जिन म्हणून आकडा असतो, लाईनवरच्या गोंगाटात सिग्नलला किती सवड उरलीय ते तो सांगतो. फोन ठेवलेला असताना लिहून घ्या, उचलून परत बघा. 10 डेसिबलच्या वर असेल तर लाईन निवांत, 6 च्या खाली गेला की कधीही तुटणार. उचलल्यावर एखाददुसरा कमी झाला तर सोडून द्या, पण 12 चा 3 होत असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. आणि तक्रार लिहिताना ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका, त्याने कोणी हलत नाही, ‘फोन उचलल्यावर डीएसएल लिंक तुटते, रोझेटवर मोडेम थेट लावूनही तुटते, मोडेम दुसऱ्या लाईनवर चालतो, लाईनवर खरखर आहे’ असं लिहा, अर्थात रोझेटवर खरंच तुटत असेल तर. मग डीपीतला जॉईंट परत करून द्या, नाही जमलं तर जोडी बदलून द्या, असं स्पष्ट म्हणा. जोडी बदला म्हटलं की समोरच्याला कळतं की ह्यांना कळतं.

प्रश्न : आमचं उलटंच आहे. फोन आठवडाभर डेड, डायलटोन नाही काही नाही, पण नेट चालू! हळू आहे पण चालू. हे कसं काय? आणि चालतंय तर तक्रार करू का नको?
— वाई

उत्तर : जोडीतली एक तार कुठेतरी तुटलीय, किंवा जॉईंटमध्ये सुटलीय. फोनला डीसी करंट लागतो, त्याला पूर्ण रस्ता हवा, तो तुटला की संपलं. डीएसएलची फ्रिक्वेन्सी इतकी वरची की तुटलेली टोकं जवळजवळ असली तर मधल्या फटीवरूनही थोडाफार सिग्नल पलीकडे जातो, म्हणून रखडत चालतं. तक्रार कराच, आणि फोन डेड म्हणून करा, नेट स्लो म्हणून नको. डेड लाईन मीटर लावून पकडता येते, तुटलं कुठे ते अंतर पण काढता येतं. ती तार जोडली की नेटही आपोआप सुधारेल.

प्रश्न : आमच्याकडे फायबर आलंय, फोन पण त्याच डब्याला लावलाय. तरी सासूबाई कॉर्डलेसवर बोलायला लागल्या की माझा लॅपटॉप अडकतो. जुना स्प्लिटर घरात पडलाय, तो लावू का?
— ठाणे

उत्तर : स्प्लिटर ठेवून द्या नाहीतर चिपळूणच्या वाचकांना पाठवा. फायबरवर आवाज आणि नेट दोन्ही डेटा म्हणूनच येतात, गाळायला काही नाहीच. तुमची भांडणं हवेत चाललीत. जुने बरेच कॉर्डलेस 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात आणि तुमचं वायफायपण तिथेच. खात्री करायची तर लॅपटॉपला लॅन केबल लावा आणि सासूबाईंना बोलू द्या, नेट नीट चाललं तर दोषी वायफायच. मग लॅपटॉप वायफायच्या यादीतल्या 5 गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा, आणि कॉर्डलेसचा बेस राऊटरच्या शेजारून उचलून दुसऱ्या खोलीत न्या, डब्यापासून तिथपर्यंत साधी फोनची वायर ओढली की झालं. केबल लावूनही अडकत असेल तर मात्र डब्याचा ॲडाप्टर बदलून बघा, तो कमजोर झाला की फोन वाजताना लागणारी जास्तीची पॉवर त्याला झेपत नाही आणि अख्खा डबाच रिस्टार्ट होतो, दिवे बघा, सगळे एकदम विझून लागत असतील तर तेच.