आईचा कोरडा खोकला अडीच महिने जात नाही, एक्स-रे साफ आहे. आता काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईंना जूनअखेरीस ताप-सर्दी झाली, ती आठवड्यात गेली, पण खोकला तेव्हापासून आहे. कफ पडत नाही, रात्री आडवं झालं की उबळ येते, वेंगुर्ल्यातल्या डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे साफ आला, तीन सिरप संपली. शेवटी जाता जाता लिहिलंय, 'बीपीची गोळी चालू आहे.' मी सुरुवात तिथूनच करीन.

मी डॉक्टर नाही. सिंधुदुर्गातच माझं औषधांचं दुकान आहे. पाऊस सरत आला की 'जरा कडक सिरप द्या' म्हणणारे रोज येतात. माझं ऐकाल तर चौथं सिरप आणू नका.

बीपीच्या गोळ्यांची पट्टी उलटी करा. कंपनीने ठेवलेलं मोठं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत घटक असतो तो वाचा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल असं शेवटी 'प्रिल' असलेलं काही दिसलं तर खोकल्याचं कारण तेच असू शकतं. या गोळ्यांनी काही जणांना, त्यातही बायकांना जास्त, असा सुका खोकला लागतो. 'गोळी तर कधीपासून चालू आहे' हे उत्तर मला नेहमी मिळतं. पण गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही खोकला लागू शकतो. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही हं, बीपी चढेल. डॉक्टरांना विचारा, ते बहुधा टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसरी देतात. खोकला त्यानंतर साधारण एक ते चार आठवड्यांत ओसरतो, क्वचित तीन महिने लागतात.

पट्टीवर 'प्रिल' नसेल, तर पुढे वाचा. तापानंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळतो, त्यात नवल नाही. आठ आठवड्यांपुढे गेला की दुसरं कारण शोधायचं, आणि तुमचे आठ आठवडे उलटून गेलेत.

आडवं झाल्यावर खोकला वाढतो म्हणजे पोटातलं आम्ल वर येत असेल. छातीत जळजळ नसतानाही हे होतं. आपल्याकडे रात्री उशिरा कालवण-भात जेवून लगेच अंथरुणावर पडायची सवय. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या. खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली सहा-आठ इंच उंचीचे चिऱ्याचे तुकडे घाला, डुगडुगणार नाहीत असे. दोन उशा घेऊन काही साधत नाही. मान तेवढी वर जाते आणि पोट दुमडतं.

दुसरी शक्यता दम्याची. दम लागत नाही, छातीत शिट्टी वाजत नाही, नुसता खोकला, तोही रात्री किंवा पहाटे, असाही दमा असतो. फुंकण्याची तपासणी होते, पण ती चांगली आली म्हणून दमा नाहीच असं नाही. डॉक्टरांनी पंप दिला तर 'सवय लागेल' म्हणून कपाटात ठेवू नका. त्यात औषध अगदी थोडं असतं आणि थेट श्वासनळीत जातं. ओढून झाल्यावर चूळ भरायची.

नाकातलं पाणी मागून घशात उतरत असेल तर त्या सारखं खाकरतील. मग नाकाचा उपचार हवा. पावसाने गादीला, कपाटामागच्या भिंतीला बुरशी आली असेल तर ती साफ करा, आणि अंगणात पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळताना आईंना आत बसवा.

आराम म्हणून रात्री चमचाभर मध बरा, साखरेचा त्रास नसेल तर. ॲम्ब्रोक्सॉल चिकट कफ पातळ करायला असतं. सुक्या खोकल्यात ते पाजून काय मिळणार? कोडीनचं सिरप चिठ्ठीशिवाय मागू नका, मी तरी देत नाही. गुंगी येते, पोट धरतं, आणि सवय खरी त्याची लागते.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला की टीबीची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते. रक्त पडलं, वजन उतरलं, संध्याकाळी अंग तापलं, आवाज बसला किंवा धाप लागली तर थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या आणि तिन्ही बाटल्या पिशवीत घालून न्या. आणि खोकला कुठल्या वेळी, काय केल्यावर येतो, तेही चार दिवस कागदावर लिहून ठेवा.