नऊ एकांचा वर्ग, आणि दहावा एक

प्रश्न : नातीने दुकानाच्या पाठकोऱ्या बिलावर १११११११११ गुणिले १११११११११ असा गुणाकार केला. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. गल्ल्यावरच्या १२ आकडी कॅल्क्युलेटरने मात्र 'एरर' दाखवली. हा योगायोग आहे का? दहा एक घेतले तर? अंकांची बेरीज ८१ येते, म्हणून ८१ ने भाग जातो असे मी तिला सांगितले. बरोबर ना?
— एक किराणा दुकानदार आजोबा

उत्तर : आजोबा, भाग जातो, पण तुम्ही सांगितलेले कारण चूक आहे. बेरजेवरून ९ ची कसोटी लागते, ८१ ची नाही. ९९ घ्या. बेरीज १८, पण १८ ने भाग जात नाही. पस्तीस वर्षे गणित शिकवले, ही चूक दरवर्षी कुणीतरी करायचेच. एकदा फळ्यावर मीच केली होती.

खरे कारण असे. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातला १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. हे दोन ३ गुणले की ९. वर्ग केला की ९ चे ८१ होतात. ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्या, त्यामुळे पुढे फोड नाही. तुमच्या संख्येला एकूण ४५ विभाजक आहेत. ४५ ही संख्या विषम आहे, हे नातीला दाखवा. विभाजकांची संख्या विषम निघते ती फक्त वर्गसंख्येचीच.

आता योगायोगाचे. नातीचे बिल पुन्हा बघा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाला एकच १, शेजारी दोन, मग तीन. मधल्या घरात नऊच्या नऊ, आणि तिथून उतरण. ९ एका घरात मावतो, म्हणून हातचा कुठेच नाही. सगळी गंमत या न आलेल्या हातच्यात आहे.

दहा एक घेतले की मधल्या घरात १० जमतात. शून्य लिहून हातचा १. शेजारच्या ९ चे १०, पुन्हा शून्य आणि हातचा १. त्याच्या पुढच्या ८ चे ९. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब, शिखरावर दोन शून्ये!

या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो (आजचे डोंबिवली) स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली होती. लोक त्यांच्या ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'चेच कौतुक करतात. मला या जास्त आवडतात, कारण चौथीतल्या मुलालाही यांचे 'का' समजते.

नातीला तिच्या उत्तराची संख्या वाचायला सांगा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात एकं, दहं पासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे आहेत. त्याप्रमाणे ही एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू अशी उतरत येते. १७ स्थाने भरतात, परार्धाचे एक रिकामे राहते. दहा एकांचा वर्ग मात्र १९ आकडी. त्याच्या पहिल्या १ ला भास्कराचार्यांच्या यादीत जागाच नाही.