रात्री पॅनिक अटॅक आला, अ‍ॅडमिट न करता घरी सोडलं, तर मेडिक्लेम मिळतो का?

बहुतेक वेळा नाही मिळत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यायचा, पण साध्या पॉलिसीत तापाची ओपीडीसुद्धा नसते ना, २४ तास अ‍ॅडमिट लागतं, म्हणून कंपनी तिथेच हात वर करते. माझ्या भावाला कॅज्युअल्टीत चार तास ठेवून पहाटे सोडलं, केसपेपर, इंजेक्शनचं बिल सगळं जोडलं तरी क्लेम नामंजूर, फार लागलं ते मनाला. ओपीडी रायडर (मूळ पॉलिसीला जादा पैसे भरून जोडलेलं ओपीडीचं कव्हर) असेल तर त्यात सायकियाट्रिस्ट आणि काउन्सेलिंग बसतं का, वर्षाचं लिमिट किती, हे आधी लेखी विचारून घ्या. आणि बिलाच्या भीतीने थांबू नका हो, १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.