जळगावला राहून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोबत पुस्तकं आणि टीव्हीवर चर्चा, असं करिअर जमेल का?

जमेल भाऊ, पण क्रम उलटा करू नको. नुसत्या एमए सायकॉलॉजीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते (तिचा कायदा १९९२ चा). आत्तापर्यंत त्यासाठी दोन वर्षांचं एमफिल असायचं, पण यूजीसीने त्याला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिलेली, म्हणून आता नवीन कोर्स कोणते मान्य आहेत ते आरसीआयच्या साइटवरच बघ, क्लासवाल्यांचं ऐकू नको. आणि गोळ्या लिहून देणं हे सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरचं काम, घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

लिहिणं-बोलणं नंतर येतं. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी बघ, ते सायकियाट्रिस्ट आहेत, पण आधी संस्था, पेशंट, आणि त्यासोबत पुस्तकं-नाटकं. टीव्हीवर मात्र सांभाळून, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय मीडियात देता येत नाही, आणि न तपासलेल्या नटाचं निदान स्टुडिओत बसून करणारे मला तरी पटत नाहीत.

अहिराणी येत असेल तर सोडू नको, धुळ्याकडची आजी मनातलं पुस्तकी मराठीत थोडीच सांगणारे.