कमरेला रिव्हॉल्व्हर आणि तहसील कचेरीत तारीख

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

"मी शेतकरी आहे, शिवाय पेट्रोल पंप चालवतो. पंपाची रोकड बँकेत न्यावी लागते, म्हणून अकरा वर्षांपूर्वी स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना घेतला. आजवर एकही तक्रार नाही. गेल्या महिन्यात वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफारावरच्या हरकतीची सुनावणी तहसील कचेरीत होती. बँकेतून थेट तिथे गेलो. रिव्हॉल्व्हर कमरेला, शर्टाच्या आत. चुलतभावाशी बाचाबाची झाली, शर्ट वर सरकला आणि 'बंदूक काढली' म्हणून त्याने बोंब ठोकली. मी शस्त्राला हातही लावला नव्हता. नायब तहसीलदारांनी पोलीस बोलावले. रिव्हॉल्व्हर, काडतुसं, परवाना सगळं काढून घेतलं आणि मला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. इकडे माझ्या गैरहजेरीत फेरफार चुलतभावाच्या बाजूने मंजूर! पुतण्या मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, त्याला 'तीनशे त्रेपन्न टाकू' म्हणून दम दिला. आता जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली आहे, परवाना रद्द का करू नये म्हणून. अमेरिकेतला माझा भाचा म्हणतो, हा सरळ नागरी हक्कांचा भंग आहे. शिखांना कृपाण चालतं, मग मला का नाही? सरकारी कचेरीत परवान्याचं शस्त्र नेऊ नये, असं कायद्यात लिहिलंय कुठे?"

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नोटिशीच्या उत्तरात तुम्ही तोच पहिल्या ओळीत लिहिणार अशी मला भीती वाटते. 'तहसील कचेरीत परवानाधारकाने शस्त्र आणू नये' असं सरसकट वाक्य शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये नाही. तुमचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे. तरीही तो उत्तरात लिहू नका.

याचं कारण आपल्याकडच्या परवान्याच्या स्वरूपात आहे. शस्त्र बाळगणं हा आपल्या घटनेत हक्क नाही. तशी मागणी झाली नव्हती असं नाही. १९३१च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये धरला होता. इंग्रजांचा १८७८चा शस्त्र कायदा लोकांच्या मनात सलत होता, त्याची ती प्रतिक्रिया. १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी त्याच ठरावाचा आधार घेऊन दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. अनुच्छेद १९ मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो उलट अंगाने: नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण 'शांततेने व विनाशस्त्र'. तेव्हा तुमच्या हातात होती ती सरकारने अटी घालून दिलेली परवानगी. परवानगी घेतलेला माणूस 'बंदी कुठे आहे ते दाखवा' म्हणू लागला की समोरचा अधिकारी अटी वाचायला घेतो.

आणि अटी आहेत. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर छापलेलं असतं की जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी असल्याशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर सार्वजनिक जमावात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेऊ नये. परवान्याची मूळ वही पोलिसांकडे आहे, पण घरी झेरॉक्स असेल. ती काढून वाचा. सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात जमलेले पक्षकार म्हणजे 'सार्वजनिक जमाव' का? सरकारी बाजू तसं म्हणू शकते. माझ्या मते ते ओढूनताणून आहे. जो तो आपापल्या कामाला आलेला असतो, त्याला जमाव म्हणायचं तर एसटी स्टँडही जमावच. हा मुद्दा लढवण्यासारखा आहे.

मला धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. तुम्ही लिहिलंय 'कमरेला, शर्टाच्या आत'. होल्स्टरमध्ये होतं की नुसतंच पट्ट्यात खोचलेलं? पत्रात हे नाही, आणि सगळं प्रकरण इथेच अडतं. होल्स्टर असेल तर तो जपून ठेवा, जप्त केला असेल तर पंचनाम्यात त्याची नोंद आहे का पाहा. नुसतं खोचलेलं असेल तर उत्तरात खोटं लिहू नका. बाचाबाचीत शर्ट सरकला आणि शस्त्राला हात लावला नाही, एवढंच लिहा. अटभंगाला शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खोट्या उत्तराने मात्र परवानाच जातो.

आणखी एक कागद मिळवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्ह्याजिल्ह्यांत शस्त्रं, लाठ्याकाठ्या घेऊन फिरण्यावर मनाई आदेश निघत असतात, बहुतेक पंधरा-पंधरा दिवसांचे. पेपरात कोपऱ्यात छापून येतात, कुणी वाचत नाही. त्या तारखेला तुमच्या तालुक्यात असा आदेश लागू होता का आणि त्यात परवानाधारकांना सूट होती का, हे आजच तपासा. आदेश असेल तर 'लिहिलंय कुठे' याचं उत्तर तिथे असेल.

भाच्याविषयी दोन शब्द. त्याच्याकडे दुसरी घटनादुरुस्ती आहे, हे खरं. पण हेलर खटल्यात २००८ साली व्यक्तीचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य करणाऱ्या त्याच निकालपत्रात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील जागी शस्त्रबंदी करणारे कायदे या निकालाने बाद होत नाहीत. तिथल्या केंद्र सरकारच्या कार्यालयांत बंदूक नेणं गुन्हा आहे. त्यांच्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मला आवडते: दारावर ठळक फलक नसेल आणि माणसाला बंदीची माहितीही नसेल, तर त्याला दोषी धरता येत नाही. तुमच्या कचेरीच्या दारात फलक होता का? नसेल तर उत्तरात जरूर लिहा. आपल्याकडे त्याने सुटका होत नाही, पण तुमचा हेतू साफ होता हे दाखवायला उपयोगी पडतं. कृपाणाचं म्हणाल, तर ते घटनेतच लिहिलेलं आहे: अनुच्छेद २५च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानलंय. रिव्हॉल्व्हरसाठी तसं काही नाही, त्यामुळे ती तुलना पत्रातच राहू द्या.

आता नोटीस. शस्त्र अधिनियमाचं कलम १७(३) नीट वाचा. परवाना रद्द किंवा निलंबित करायला ठरावीकच कारणं आहेत: सार्वजनिक शांतता वा सुरक्षितता, अटींचा भंग, माहिती दडवून परवाना मिळवणं, परवानाधारक अपात्र ठरणं, असा तो साचा. कारणं लेखी नोंदवावी लागतात. भांडण झालं किंवा गुन्हा दाखल झाला एवढ्यावरच परवाना रद्द करता येत नाही, सार्वजनिक शांततेला धोका कसा हे आदेशात दिसलं पाहिजे, असं उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटलं आहे. म्हणून उत्तर मुदतीत द्या, पोलीस अहवालाची आणि जबाबांची प्रत मागा, प्रत्यक्ष सुनावणी मागा. त्या दिवशीची बँकेची पावती जोडा. तिच्यावरची वेळ तुमच्या बाजूने बोलेल, कारण शस्त्र अंगावर का होतं ते तिच्यातून कळतं. आणि आज, उद्या नव्हे, तहसीलदारांना लेखी पत्र देऊन त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जतन करायला सांगा. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवस लागतात, तोवर चित्रणावर नवं चित्रण चढून जातं. तुम्ही शस्त्राला हात लावला नाही याचा तटस्थ पुरावा तेवढाच आहे. आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर विभागीय आयुक्तांकडे.

अधिकारी इतके घाबरले का, हेही समजून घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, गोळ्या झाडल्याच्या आरोपाखाली एका आमदाराला अटक झाली. वाद जमिनीचाच होता. ते चित्रण महाराष्ट्रात घरोघरी पाहिलं गेलं. जमिनीची तारीख, भाऊबंदांची बाचाबाची आणि कमरेला रिव्हॉल्व्हर हे तिन्ही एका खोलीत दिसल्यावर नायब तहसीलदारांनी फोन उचलला, यात मला त्यांची चूक दिसत नाही. पोलिसांनी परवाना दाखवायला सांगणं हाही त्यांचा शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ खालचा अधिकार आहे.

चूक पुढे झाली, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कायद्यात अटक असते किंवा नसते. 'संध्याकाळपर्यंत बसवून ठेवणं' नावाची तिसरी अवस्था नाही. अटक केली असेल तर कारणं सांगायला हवी होती. केली नसेल तर दुपारी तुम्हाला सुनावणीला परत जाऊ द्यायला हवं होतं. ठाण्याच्या स्टेशन डायरीत त्या दिवशी काय नोंद आहे ते माहिती अधिकारात मागा. शस्त्र घेतल्याची पावती मिळाली का? गुन्हा नोंदवून जप्ती झाली असेल, तर मुद्देमाल परत मिळण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. परवान्याचा निर्णय होईपर्यंत मिळेल अशी फार आशा धरू नका, पण शस्त्र कुठल्या कागदावर ठेवलंय ते तरी उघड होईल.

पुतण्याला दिलेला दम पोकळ आहे. भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३५३ आता भारतीय न्याय संहितेत कलम १३२ झालंय आणि त्यासाठी लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. लांब उभं राहून मोबाइल धरणं त्यात बसत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाबाबत निकाल दिला, की शासकीय गुपिते कायद्याच्या अर्थाने पोलीस ठाणं 'निषिद्ध ठिकाण' नाही. तहसील कचेरी तर त्याहून कितीतरी साधी जागा. व्हिडिओ असेल तसा ठेवा. कापाकापी करू नका, आणि व्हॉट्सॲपवर गावभर फिरवू तर अजिबात नका.

आता ज्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ती गोष्ट: फेरफार. रिव्हॉल्व्हरच्या नादात हा मुद्दा मागे पडलाय. महसुली सुनावणीला हजर असलेल्या पक्षकाराला पोलीस घेऊन गेले हे अधिकाऱ्याला माहीत होतं, तरी त्याच दिवशी एकतर्फी निर्णय दिला. ऐकून घेण्याचा हक्क तुमच्याकडून काढून घेतला गेला, आणि हा हक्क कुठल्याही परवान्यावर अवलंबून नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. मुदत साठ दिवसांची आहे आणि त्यातला महिना गेलाच आहे. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज द्या. शस्त्राच्या प्रकरणाचा उल्लेख त्यात दोन ओळींत, फक्त गैरहजेरीचं कारण म्हणून. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयात ठरते, पण नोंद चुलतभावाच्या नावावर राहिली तर तो उद्या जमीन विकायला काढेल आणि मग तुमचं काम दहा पटीने वाढेल.

चुलतभावाकडून खरोखर जिवाला धोका वाटतो का? वाटत असेल तर लेखी तक्रार द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली प्रतिबंधक कारवाई मागा आणि सुनावणीच्या दिवशी बंदोबस्तासाठी तहसीलदारांना आधी पत्र द्या. त्या पत्राची पोच तुमच्या फाइलमध्ये असेल, तर 'हा माणूस शस्त्र मिरवायला आला होता' हा आरोप टिकणं अवघड होईल.

परवाना टिकला तर पुढच्या तारखेला रिव्हॉल्व्हर घरी कुलपात ठेवून या. 'मग गाडीत ड्रायव्हरकडे ठेवू का?' असं मला अनेक पक्षकार विचारतात. नको. परवाना नसलेल्या माणसाने तुमचं शस्त्र बाळगायला कायदा मुभा देतो ती फार अरुंद आहे: तुमच्या समक्ष किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा तुमच्या वापरासाठी. तुम्ही आत सुनावणीला आणि रिव्हॉल्व्हर बाहेर ड्रायव्हरच्या सीटखाली, हे त्यात बसत नाही. तसं सापडलं तर आज तुमच्यावर एक नोटीस आहे, तेव्हा दोघांवर गुन्हा असेल. आणि मतदानाच्या दिवशी तर केंद्राच्या आसपासही शस्त्र नेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, शस्त्र जप्त होतं आणि परवाना रद्द झाल्याचं मानलं जातं.

नोटिशीवर उत्तराची शेवटची तारीख कोणती आहे ते पत्रात लिहायचं राहिलंय. ती आधी पाहा, आणि फेरफाराच्या आदेशाची नक्कल आजच मागायला टाका.