युद्धगुन्ह्याचा आरोप असलेला परदेशी सैनिक हरमलला सुट्टीवर सापडला, तर गोवा पोलीस त्याला पकडू शकतात का?

पकडू शकतात, आणि खटलाही इथेच चालू शकतो. "भारत रोम करारात (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या करारात) नाही, विषय संपला" असं छातीठोक सांगणारे वकील पणजीत पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे, कारण युद्धातल्या नागरिक, कैदी आणि जखमींना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांसाठीचा आपला १९६० चा जिनिव्हा करार कायदा त्यांनी उघडूनही पाहिलेला नसतो.

त्यातलं कलम ३ बघा. भारतात किंवा भारताबाहेर, कोणत्याही देशाच्या नागरिकाने करारांचा 'गंभीर भंग' केला तर शिक्षा आहे. संरक्षित व्यक्तीची हेतुपुरस्सर हत्या असेल तर फाशी किंवा जन्मठेप, बाकी प्रकारांत १४ वर्षांपर्यंत कैद. कलम ४ म्हणतं की गुन्हा बाहेर घडला असला तरी आरोपी देशात जिथे सापडेल तिथेच तो घडला असं धरून कारवाई करता येते. म्हणजे हरमलला सापडला तर उत्तर गोव्याचं सत्र न्यायालय, दक्षिणेतल्या पाळोळ्याला सापडला तर मडगावचं. शिक्षा एवढी मोठी असल्यामुळे गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरतो, तेव्हा अटकेला वॉरंटही लागत नाही.

घोडं अडतं ते कलम १७ वर. सरकारने, किंवा केंद्राने अधिसूचना काढून नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद (थेट कोर्टात केलेली तक्रार) दिल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. पोलिसांचं आरोपपत्र म्हणजे फिर्याद नव्हे, बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेच्या) व्याख्येतच पोलीस अहवाल वगळला आहे. पोलीस निरीक्षकाने हिंमत करून अटक केली, तरी २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हत्येचा आरोप असेल तर ९० दिवसांत तपास संपवायचा, नाहीतर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. आणि तपास वेळेत संपला तरी सरकारी फिर्याद नसेल तर खटला उभाच राहत नाही. पीडिताच्या खासगी फिर्यादीलाही हेच कलम आडवं येतं. माझ्या मते ही तरतूद वाईट आहे. खून झालेल्याच्या मुलीने न्यायासाठी परराष्ट्र धोरणाच्या मर्जीवर का थांबायचं?

आता मोंतेरो खटला, कारण गोव्यात कुणीही हा विषय काढला की समोरचा तोच फेकतो. गोवा मुक्तीनंतर मोन्सिन्योर मोंतेरो या पाद्रींनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं. सरकारने देश सोडायला सांगितलं, ते गेले नाहीत, त्यांना परदेशी व्यक्ती कायद्याखाली शिक्षा झाली. त्यांचा बचाव असा की गोवा हा व्याप्त (परक्या सैन्याच्या ताब्यातला) प्रदेश आहे आणि चौथा जिनिव्हा करार मला हाकलू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते नाकारलं. विलीनीकरण झालं तिथे लष्करी ताबा संपला, आणि १९६० चा कायदा कुणाला सरकारविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देत नाही, असं न्यायालय म्हणालं. लोक इथेच थांबतात. पण करारभंगाला शिक्षा ठेवून कायदा अप्रत्यक्ष संरक्षण देतो, हेही त्याच निकालात आहे. मोंतेरो आरोपी होते आणि कराराची ढाल मागत होते. परदेशी संशयितावर सरकारने खटला भरावा की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. हा निकाल दाखवून दार बंद करणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा.

देशी कायदा नसला की काय होतं ते अरबी समुद्रानेच दाखवलंय. १९९९ मध्ये पळवलेलं 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने पकडलं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये चाच्यांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयात ते २००५ मध्ये सुटले. चाचेगिरीचा वेगळा कायदा तेव्हा नव्हता, तो २०२२ मध्ये आला. युद्धगुन्ह्यांचा मात्र १९६० पासून आहे आणि धूळ खातोय.

प्रत्यक्षात करायचं काय? संशयित भारतात उतरण्याआधी पुराव्यांची फाइल तयार हवी. २०२४ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये सुट्टीवर आलेल्या एका इस्रायली सैनिकाविरुद्ध न्यायाधीशाने तपासाचा आदेश दिला, पण तपास पुढे सरकायच्या आत तो देशाबाहेर गेला. उलट स्वीडनने इराणमधल्या १९८८ च्या कैद्यांच्या सामूहिक फाशींतला आरोपी हमीद नूरी याला २०१९ मध्ये स्टॉकहोमच्या विमानतळावरच उचललं, कारण तक्रारदारांनी पुरावे आधीच गोळा केले होते.

फाइलमध्ये चार गोष्टी लागतात: आरोपीची पक्की ओळख आणि तुकडी, घटनेची जागा-तारीख, बळी संरक्षित होता याचा पुरावा (नागरिक, युद्धकैदी किंवा जखमी), आणि संघर्ष दोन राष्ट्रांमधला किंवा व्याप्त प्रदेशातला होता हे दाखवणारी कागदपत्रं. चौथी गोष्ट सगळे विसरतात आणि प्रकरण तिथेच पडतं, कारण 'गंभीर भंग' अंतर्गत यादवीला लागू होत नाही. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला चालणार नाही. त्यात व्हिडिओचा आकार आणि दर्जा घटतो आणि फाइलमधल्या मूळ नोंदी पुसल्या जातात. मूळ फाइल घ्या, लगेच हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढा, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह जोडा. सैनिकाने स्वतःच टाकलेली पोस्ट असेल तर दुवा, तारीख आणि अख्खं पान जपा, कारण ती पुसली जाणारच.

काही अटी आहेतच. पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला किंवा परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाच्या कोर्टापासून संरक्षण आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये काँगो-बेल्जियम प्रकरणात मंत्र्यापुरतं ते स्पष्ट केलं. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, हे दिल्ली उच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये सज्जन कुमार निकालात (१९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या खटल्यात) नोंदवलंय, तेव्हा सरकारकडे फिर्यादीची मागणी करणाऱ्या अर्जात ते शब्द घालून वाया जाऊ नका. आणि जन्मठेप होऊनही नूरीला २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत इराणला परत पाठवलं, हेही ध्यानात ठेवा.

अर्ज केंद्रीय गृहमंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि गोव्याचं गृहखातं, तिघांना एकाच दिवशी द्या. गोव्याला मुद्दाम, कारण सामान्य खंड अधिनियमात 'सरकार' या शब्दात राज्य सरकारही येतं आणि कलम १७ ने तिथे फक्त 'सरकार' म्हटलंय. सोबत जिल्ह्याच्या एसपींकडे लुकआउट परिपत्रकाची मागणी करा, म्हणजे मोपा-दाबोळी विमानतळांवर तो अडेल. उत्तर आलं नाही तर पर्वरीला उच्च न्यायालयात जा, पण तिथे "अटक करा" मागू नका, मोंतेरो निकाल तुमच्यावर उलटेल. "कलम १७ खालच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत कारणांसह निर्णय द्या", एवढंच मागा.